‘दाबतोय, पण निघत नाही’: सोलापुरातील एका नवख्या खेळाडूच्या तक्रारीचे प्रकरण

पार्श्वभूमी

या प्रकरणातील तरुण सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि अभियांत्रिकी पदविकेचे शिक्षण घेतो. ओळख उघड होऊ नये म्हणून त्याचा उल्लेख येथे ‘विद्यार्थी’ असाच केला आहे. त्याच्या घराच्या तळमजल्यावर टॉवेलचे यंत्रमाग आहेत आणि वरच्या मजल्यावर कुटुंब राहते. २०२२ च्या उन्हाळ्यात चुलतभावाने वापरून झालेला लॅपटॉप त्याला मिळाला आणि त्यावर त्याने ‘गिल्टी गियर स्ट्राइव्ह’ हा लढतीचा खेळ सुरू केला.

योकोहामा येथील ‘आर्क सिस्टम वर्क्स’ने हा खेळ जून २०२१ मध्ये बाजारात आणला. त्यातली पात्रे त्रिमितीय असूनही हाताने काढलेल्या ॲनिमेसारखी दिसतात, आणि आमच्याकडची बहुतेक मुले या रूपावर भाळूनच त्याच्याकडे वळतात. प्रहारांसाठी पंच, किक, स्लॅश, हेवी स्लॅश आणि डस्ट अशी पाच बटणे आहेत. विद्यार्थ्याने काय किस्के हे तलवारधारी पात्र निवडले. दुरून मारा, हवेतून येणाऱ्याला पाडण्याचा प्रहार आणि जवळची सरळ तलवारबाजी हे सारे त्याच्याकडे असल्याने नवख्यासाठी ही निवड योग्यच होती.

विजापूर रोडवरील एका मित्राच्या खोलीवर आम्ही काही जण रविवारी खेळायला जमतो. विद्यार्थी तेथे येऊ लागला तेव्हा तो गटात सर्वांत लहान होता. गटातला जुना खेळाडू म्हणून त्याच्या अडचणीकडे लक्ष देण्याचे काम माझ्याकडे आले.

अडचण

त्याची तक्रार एका वाक्याची होती. “दादा, मी दाबायलोय, पण निघतच नाही ओ.”

हे वाक्य नवख्यांच्या तोंडून नेहमी ऐकू येते आणि त्यावर जुन्या खेळाडूंची उत्तरेही ठरलेली असतात. गटातील एकाने की-बोर्डला दोष दिला. दुसऱ्याच्या मते मुलगा विचार न करता बटणे बडवत होता आणि त्याने आधी खेळ शिकायला हवा होता. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य होते. घोळ असा होता की विद्यार्थी एकाच वाक्यात निरनिराळ्या तीन गोष्टी सांगत होता आणि त्या वेगळ्या आहेत हे खुद्द त्यालाही माहीत नव्हते.

त्याची एक लढत आम्ही शेजारी बसून पाहिली. समोर गटातलाच एक जण मे हे पात्र खेळत होता. मे डॉल्फिनवर स्वार होऊन पडदाभर आडवी झेपावते आणि या झेपेपुढे नवखे खेळाडू हमखास गोंधळतात. विद्यार्थ्याने झेप ब्लॉक केली आणि लगेच पंच दाबला. कधी तो पंच मे हिला लागला, तर कधी मेचाच पुढचा प्रहार याला आधी लागला. त्याच्या दृष्टीने दोन्ही वेळची कृती एकच असल्याने दुसऱ्या वेळी बटणानेच दगा दिला, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते.

थोड्या वेळाने तो कोपऱ्यात सापडला. टेन्शनची, म्हणजे लढताना साठत जाणाऱ्या ताकदीची, पट्टी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. अशा वेळी ब्लॉक करता करताच पंच, किक आणि स्लॅश एकत्र दाबले की अर्धी पट्टी खर्च होते, पिवळा रोमन कॅन्सल (बचावातून सुटण्याची सोय) होतो आणि प्रतिस्पर्धी मागे लोटला जातो. विद्यार्थ्याने तिन्ही कळा दाबल्याचे आम्ही डोळ्यांनी पाहिले. पडद्यावर मात्र रोमन कॅन्सल झाला नाही. काय किस्केभोवती क्षणभर कवचासारखे वर्तुळ उमटले, पट्टी थोडी उतरली आणि मार चालूच राहिला.

या वर्तुळातच पुढच्या तपासाची किल्ली होती. तिसरी बाब म्हणजे कॉम्बो, म्हणजे एकाला एक जोडून लागणारे प्रहार. घरी दुपारी व्यवस्थित जमणारे कॉम्बो रात्री किंवा आमच्याकडे आल्यावर जमत नाहीत, असे तो सांगत असे. आम्ही याचे खापर आधी दडपणावर फोडले होते.

समोरचे पर्याय

विद्यार्थ्याच्या मनात आर्केड स्टिक, म्हणजे दांडा आणि मोठी बटणे असलेले खेळाचे साधन, घ्यायचे होते. चांगल्या स्टिकला काही हजार रुपये पडतात आणि त्यासाठी घरी शब्द टाकावा लागणार होता. दुसरा पर्याय पात्र बदलण्याचा होता. ‘मे एवढी त्रास देते, तर मेच घे’ असा सल्ला गटातून आला. त्याने स्वतःहूनही एक मार्ग धरला होता: काय किस्केच्या सर्व प्रहारांचे फ्रेमचे आकडे (कोणत्या प्रहाराला किती वेळ लागतो ते) झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणून तो ते पाठ करत होता. चौथा पर्याय कोणाला फारसा आकर्षक वाटला नाही. तो असा की एक बैठक लढतींशिवाय काढायची आणि ‘निघत नाही’चे प्रत्येक उदाहरण वेगळे करून तपासायचे.

स्टिकच्या पर्यायाचा मोह समजण्यासारखा आहे, कारण पैसे खर्च केले की काहीतरी केल्याचे समाधान मिळते. पण दोष कुठे आहे हे न कळता साधन बदलले, तर जुन्या अडचणीत नव्या साधनाच्या सवयीची भर पडते आणि नेमके काय सुधारले नि काय बिघडले हे सांगता येत नाही. पात्र बदलण्यालाही माझा विरोध होता. मेची झेप मागे दिशा काही काळ दाबून धरून मग पुढे सोडावी लागते, आणि ज्याच्या कळा उमटतात की नाही याचीच खात्री नाही त्याला असे पात्र देण्यात अर्थ नव्हता.

घरातून आईचे म्हणणे आले, “आधी हाय ते नीट चालतंय का बघा, मग नवं घ्या.” गटाने चौथा पर्याय स्वीकारला आणि माझ्या मते या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय तोच ठरला.

तपासणी

पहिली तपासणी लॅपटॉपची झाली. लढतीचे खेळ सेकंदाला ६० फ्रेम या वेगावर बांधलेले असतात, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांची असते. यंत्राला हा वेग पेलला नाही तर या प्रकारच्या खेळात चित्र केवळ अडखळत नाही, सगळा खेळच संथ होतो. ज्यावरून खेळ चालतो त्या स्टीम ॲपमधील फ्रेम दाखवणारा आकडा सुरू करून विद्यार्थ्याला दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी तो पाहायला सांगितले. रात्री आकडा ६० वर स्थिर राहत असे, तर मे महिन्यातल्या दुपारी काही मिनिटांतच तो ४५ च्या आसपास घसरत असे.

आता कॉम्बोचे कोडे सुटले. दुपारी तो पाऊण वेगाने चालणाऱ्या खेळात सराव करत होता आणि बोटांना त्याच वेगाची सवय लावत होता. रात्री खेळ पूर्ण वेगाने धावू लागला की तीच बोटे उशिरा पडत. त्याची मेहनत प्रामाणिक होती आणि तिनेच त्याची लय बिघडवली होती, ही गोष्ट मला आजही लागून राहते.

लॅपटॉप तापण्याचे कारण घरातच होते. दुरुस्ती करणाऱ्याने तो उघडला तेव्हा पंख्यापुढच्या धातूच्या बारीक पात्यांवर सुताच्या तंतूंचा करड्या रंगाचा थर नमद्यासारखा दाबून बसलेला दिसला. चिमट्याने धरल्यावर तो अख्खा एका तुकड्यात सुटून आला. मागाच्या घरात हवेत तंतू तरंगतातच. चुलतभावाकडेही माग असल्याने हा थर कित्येक वर्षांचा असावा. त्यात सोलापूरचा उन्हाळा चाळिशीपार गेला की गरम हवा बाहेर पडायला वाट उरत नाही आणि यंत्र स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते.

दुसरी तपासणी कळांची. ट्रेनिंग मोडमध्ये दाबलेली प्रत्येक कळ पडद्याच्या कडेला उमटवण्याची सोय आहे. कोणतीही दिशा न धरता पंच, किक आणि स्लॅश एकत्र दाबल्यावर तिन्ही उमटले. मागच्या दिशेचा बाण धरून तेच केल्यावर दोनच उमटले. पुन्हा पुन्हा केले तरी स्लॅश गायबच राहिला.

याचे कारण की-बोर्डच्या रचनेत आहे. साध्या की-बोर्डमध्ये कळा आडव्या-उभ्या तारांच्या जाळीवर बसवलेल्या असतात. काही कळा एकत्र दाबल्या की पुढची कळ खरेच दाबली गेली आहे की जाळीमुळे तसा भास होतो आहे, हे की-बोर्डला ठरवता येत नाही, म्हणून तो तिची नोंदच टाळतो. महागड्या की-बोर्डमध्ये प्रत्येक कळीला डायोड जोडून हा प्रश्न सोडवलेला असतो. लॅपटॉपच्या अंगच्या की-बोर्डकडून तशी अपेक्षा करता येत नाही.

आणि येथेच त्या वर्तुळाचा अर्थ लागला. या खेळात मागची दिशा अधिक कोणतीही दोन प्रहारांची बटणे, डस्ट सोडून, म्हणजे फॉल्टलेस डिफेन्स. त्याने प्रतिस्पर्धी दूर सरकतो, पण टेन्शन गळत राहते. विद्यार्थी तीन कळा दाबत होता, खेळापर्यंत दोन पोचत होत्या आणि खेळ दोन कळांचे उत्तर देत होता. रोमन कॅन्सल मोकळेपणी उभे असताना होई आणि बचावात कधीच होत नसे, कारण बचावातच मागचा बाण धरलेला असतो.

तिसरी तपासणी खेळाच्या नियमांची होती. डमीला, म्हणजे सरावातल्या यंत्रचलित प्रतिस्पर्ध्याला, मे बनवून तिच्या आडव्या झेपेचे दोन प्रकार नोंदवले: स्लॅशची झेप जलद येते, तर हेवी स्लॅशची किंचित सावकाश. दोन्ही ब्लॉक करून विद्यार्थ्याने पंच दाबला आणि कळ दरवेळी पडद्यावर उमटली. येथे यंत्र निर्दोष होते. स्लॅशची झेप ब्लॉक झाली की मे वेळेच्या हिशेबात मागे पडते, हेवी स्लॅशची ब्लॉक झाली तरी मेच पुढे राहते. विद्यार्थ्याला या दोन झेपा वेगळ्या आहेत हेच ठाऊक नव्हते.

केलेले उपाय

लॅपटॉप साफ करून घेतला, तो मागांपासून दूरच्या खोलीत लाकडी पाटावर ठेवला आणि दुपारचा सराव बंद केला. खेळातले रेझोल्यूशनही एक पायरी उतरवले. या उपायांवर गटात दुमत नव्हते.

कळांबाबत मात्र चर्चा झाली. बाहेरचा की-बोर्ड घ्यावा, कंट्रोलर घ्यावा की आहे त्यातच मार्ग काढावा? खेळाच्या सेटिंगमध्ये रोमन कॅन्सल, फॉल्टलेस डिफेन्स आणि डॅश (झपकन धावणे) यांसाठी स्वतंत्र एकेक बटण नेमण्याची सोय आहे. एकाने त्यावर ‘ही पळवाट झाली’ असा आक्षेप घेतला. तो मला पटला नाही. सोय खेळानेच दिलेली आहे आणि तिने कोणाला अधिकचा लाभ मिळत नाही, फक्त की-बोर्डची उणीव भरून निघते. तीन कळांऐवजी एक कळ ठरवली आणि पिवळा रोमन कॅन्सल पहिल्यांदा कोपऱ्यात झाला तेव्हा विद्यार्थी जागेवरून उठून उभा राहिला. खर्च शून्य झाला आणि सेमिस्टरची परीक्षा होईपर्यंत कंट्रोलरचा विषय पुढे ढकलला गेला.

फ्रेमच्या छापील आकड्यांचे काय करायचे, हा पुढचा पेच होता. आकडे पाठ करणे निरुपयोगी आहे असे मी म्हणणार नाही, पण नवख्याला लढतीत आकडा आठवायला वेळच नसतो. त्याला कळायला हवे ते एवढेच की या क्षणी पाळी कोणाची आहे. म्हणून सगळे कागद बाजूला ठेवून एकच हिशेब मांडला. समजा, ब्लॉक झाल्यावर हल्ला करणारा चार फ्रेमने मागे पडला आणि दोघांचाही सर्वांत जलद प्रहार पाच फ्रेमचा आहे. ब्लॉक करणाऱ्याने तत्काळ दाबले तर त्याचा प्रहार पाचव्या फ्रेमला पोचतो आणि हल्ला करणाऱ्याचा नवव्या. आता तोच हल्ला करणारा दोन फ्रेमने पुढे आहे असे धरा. त्याचा प्रहार आपल्या मोजणीने तिसऱ्याच फ्रेमला येतो, आपला मात्र पाचव्यालाच. बोटे कितीही चपळ असली तरी हा हिशेब बदलत नाही.

विद्यार्थ्याने तो स्वतःच्या भाषेत मांडला: ताण्याची (मागावरच्या उभ्या धाग्यांची) फट उघडल्याशिवाय धोटा सोडला तर सूत तुटणारच. त्यानंतर मला अधिक समजवावे लागले नाही.

सराव असा ठरला. डमी मेच्या दोन्ही झेपा अनियमित क्रमाने करेल. स्लॅशची झेप ब्लॉक झाली की खाली किक, त्याला जोडून खाली डस्ट, आणि ती लागली तरच पुढे स्टन एज हा त्याचा दुरून सोडायचा मारा. हेवी स्लॅशची झेप असेल तर काहीही न दाबता ब्लॉक धरून ठेवायचा. काहीही न दाबण्याचा सराव करणे नवख्याला फार जड जाते. विद्यार्थ्यालाही ते कंटाळवाणे वाटले, पण त्याने चिकाटी सोडली नाही.

याच्या जोडीला मे खेळणाऱ्याच्या हालचालीकडे पाहायला शिकवले. झेपेसाठी मागची दिशा धरून ठेवावी लागत असल्याने, मे पुढे चालत येत असेल त्या क्षणी आडवी झेप संभवत नाही. ती मागे सरकली किंवा दबून बसली की सावध व्हायचे. झेपेला पुढे आणि पंच या प्रहाराने मध्येच तोडताही येते, कारण त्या वेळी अंगाच्या वरच्या भागाला मार लागत नाही. पण हे आधी शिकवले असते तर त्याने ब्लॉक करणे सोडून प्रत्येक वेळी जुगारच खेळला असता, म्हणून ते मुद्दाम शेवटी ठेवले.

ऑनलाइन लढतींसाठी मोबाइलच्या हॉटस्पॉटऐवजी शेजाऱ्यांच्या फायबर जोडणीवरून, त्यांच्या परवानगीने, केबल ओढली. या खेळात रोलबॅक पद्धत आहे: प्रतिस्पर्ध्याची कळ पोचायला उशीर झाला तर खेळ अंदाजाने पुढे जातो आणि अंदाज चुकल्यास मागे जाऊन दुरुस्ती करतो. हॉटस्पॉटवर हा उशीर क्षणाक्षणाला बदलत असल्याने झेपेचे पहिले काही फ्रेम गिळले जात आणि डॉल्फिन अर्ध्या वाटेवर अचानक प्रकटल्यासारखा दिसे. केबलने हे बरेच आटोक्यात आले.

निष्पत्ती

पावसाळा संपेपर्यंत ‘निघत नाही’ हे वाक्य त्याच्या बोलण्यातून गेले. आता तो ‘त्याची पाळी होती, मी उगीच दाबलं’ किंवा ‘हेवी ओळखली नाही’ अशी नेमकी कारणे सांगू लागला. कुवतीनुसार मजले असलेल्या खेळातल्या ऑनलाइन मनोऱ्यात तो चौथ्या मजल्यावर अडकला होता, तेथून सातव्यापर्यंत पोचला. २०२२ च्या अखेरीस प्लेस्टेशन आणि पीसी यांच्यात क्रॉसप्ले, म्हणजे दोन्हीकडच्या खेळाडूंची आपसात लढत, सुरू झाला, तेव्हा त्याला नवे प्रतिस्पर्धीही मिळाले.

सगळे सुटले असे मात्र नाही. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला बाहेरगावचे मित्र आले असताना झालेल्या लढतींत तो मेपुढे पुन्हा हरला, आणि या वेळचे कारण वेगळे होते. हेवी स्लॅशची झेप ब्लॉक करून तो निमूट बसतो हे प्रतिस्पर्ध्याने ओळखले आणि सरळ जवळ येऊन त्याला थ्रो करायला, म्हणजे पकडून आपटायला, सुरुवात केली. ब्लॉकने थ्रो रोखता येत नाही. जो सराव आम्ही करून घेतला होता त्याचेच हे पुढचे टोक होते, आणि तेथवर पोचला ही प्रगतीच मानायला हवी.

वेगळे काय करता आले असते

यंत्राची तपासणी सुरुवातीलाच झाली असती, तर संथ वेगातल्या सरावाचे आठवडे वाचले असते. जुना लॅपटॉप घेऊन येणाऱ्या प्रत्येक नवख्याला फ्रेमचा आकडा आणि कळांची नोंद हे दोन्ही पडदे पहिल्या दिवशीच सुरू करून द्यावेत, असे आता गटात ठरले आहे. मागाच्या घरातून येणाऱ्याच्या बाबतीत पंखा आधी तपासावा.

बाण आणि अक्षरांच्या कळा यांची मांडणी बदलून पाहायला हवी होती. जाळीतली अडचण ठरावीक कळांच्या जोडणीतच येते, त्यामुळे स्लॅश शेजारच्या कळीवर नेला असता तर कदाचित स्वतंत्र बटणाचीही गरज पडली नसती. फॉल्टलेस डिफेन्स धरून डॅश थांबवताना त्याच्या काही कळा अजूनही गळतात, आणि त्यावर हाच प्रयोग आता सुरू आहे.

सरावात हेवी स्लॅशच्या झेपेनंतर ‘काहीही न दाबणे’ हे एकच उत्तर ठेवले गेले. डमीत तिसरी नोंद थ्रोची टाकता आली असती. मात्र मी याबाबत ठाम नाही. आधी थांबायला शिकलेल्यालाच कधी थांबू नये हे समजते, आणि तिन्ही गोष्टी एकदम आल्या असत्या तर विद्यार्थी पुन्हा बटणे बडवण्याकडे वळण्याची शक्यता होती. गटातील दुसऱ्या जुन्या खेळाडूचे मत याच्या उलट आहे. येत्या सुट्टीत नवा मुलगा येणार आहे, त्याच्याकडून तिन्ही नोंदींचा सराव तोच करून घेणार आहे. विद्यार्थी सध्या पुढची दिशा आणि डस्ट वेळेत दाबून थ्रो तोडण्याचा सराव करतो, तोही रात्री, खेळ पूर्ण ६० फ्रेमवर चालत असताना.